बाबांच्या पंचाहत्तरीची फिल्म: एडिटिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबांच्या पंचाहत्तरीला हॉलवर दाखवायला वीसेक मिनिटांची फिल्म करायची आहे. हाताशी आहे ती मुंजीची व्हीएचएस कॅसेट (दुकानातून कधीतरी डीव्हीडीवर घेतलेली), बहिणीच्या लग्नाच्या मिनीडीव्ही टेप, गेल्या काही वर्षांतले फोनचे व्हिडिओ, नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या क्लिपा आणि अल्बममधले फोटो. लॅपटॉप विंडोज ११ चा, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. बहीण न्यू जर्सीत असते, तिच्याकडे मॅकबुक आहे आणि तिलाही हात लावायचा आहे. फिल्मोरा विकत घ्यावं, मोफत डाविंची रिझॉल्व्ह शिकावं, की विंडोजमध्ये येतं त्या क्लिपचॅम्पवर भागेल?

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. तुमच्या लॅपटॉपला आणि तुमच्या साहित्याला शॉटकट घ्या. मोफत आहे, फिल्मवर कंपनीचा शिक्का (वॉटरमार्क) येत नाही, मॅकवरही चालतं, म्हणजे बहिणीलाही तेच उतरवून घेता येईल. रिझॉल्व्ह फार मोठ्या ताकदीचं आहे, पण तुमच्या यंत्राला झेपणार नाही. क्लिपचॅम्प फोनच्या क्लिपांपुरतं छान. जुनी कॅसेट आली की ते तोकडं पडतं. आणि फिल्मोरावर या एका कामासाठी पैसे घालू नका.

मी लग्नाच्या चित्रीकरणाचं एडिटिंग आणि जुन्या कॅसेटी फाइलमध्ये आणून देण्याचं काम बरीच वर्षं करते. विचारायला येणारे लोक बहुतेक वेळा इफेक्ट किती, ट्रान्झिशन किती, तयार टायटल किती एवढंच विचारतात. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या जाहिरातीही त्यावरच असतात. घरची फिल्म तिथे कधीच अडत नाही. ती अडते वेगवेगळ्या काळातलं, वेगवेगळ्या यंत्रांनी घेतलेलं चित्रण एका पंगतीला बसवताना. मुंजीची कॅसेट चौकोनी, लग्नाची टेप तशीच पण वेगळ्या जातीची, फोनचा व्हिडिओ आडवा, आत्याने पाठवलेला उभा. प्रत्येकाचा वेग, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम), तोही निराळा. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना मी तीन गोष्टी बघते: हे सगळं ते निमूटपणे घेतं का, माझ्या यंत्रावर न रखडता चालतं का, आणि मराठी अक्षर मोडत नाही ना. बाकी सगळं नंतर.

तर आधी साहित्याकडे बघू, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो.

मुंजीची डीव्हीडी घ्या. ती कॉम्प्युटरवर उघडलीत तर आत व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर आणि त्यात व्हीओबी फाइली दिसतील, प्रत्येक जास्तीत जास्त १ जीबीची. लोक या फाइली तशाच उचलून एडिटरमध्ये टाकतात. पण डीव्हीडीला ते तुकडे कुठेही पाडायची सवय असते, भटजींचा मंत्र अर्ध्यावर तुटला तरी तिला काही वाटत नाही. मग दोन तुकड्यांच्या सांध्यावर आवाज अडखळतो. त्यापेक्षा मेकएमकेव्ही नावाच्या प्रोग्रॅमने डीव्हीडीची एकच सलग फाइल करून घ्या. डीव्हीडीसाठी ते मोफत आहे आणि चित्र परत दाबत नाही, जसंच्या तसं उचलतं. हे आजच करा. घरी जाळलेल्या डीव्हीडीवरचा रंगाचा थर काळाने उडत जातो, आणि उन्हाळ्यात कपाटात तापलेल्या डिस्का वाचल्याच नाहीत असं मी नेहमी बघते.

मूळ व्हीएचएस कॅसेट अजून घरात असेल तर मात्र थांबा. डीव्हीडी करताना दुकानदाराने दोन-तीन कॅसेटी एका डिस्कवर बसवल्या असतील तर चित्र फार दाबलं गेलेलं असतं. कॅसेट चालवून पुन्हा नीट कॉम्प्युटरवर उतरवली (याला कॅप्चर म्हणतात) तर बराच फरक पडतो. पण कॅसेटच्या खिडकीतून आधी आत बघा. रिळाच्या कडेला पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. कोकणातल्या, मुंबईतल्या घरांतून येणाऱ्या कॅसेटींना ती हमखास असते. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका: टेप तर फाटतेच, शिवाय बुरशी हेडला लागते आणि पुढची प्रत्येक कॅसेट खराब होते. साफ करणाऱ्याकडे द्या.

मिनीडीव्हीची गोष्ट उलटी. त्या टेपवर मुळातच डिजिटल नोंद आहे, सेकंदाला २५ मेगाबिटच्या हिशेबाने, म्हणजे तासाला साधारण १३ जीबी. ती फायरवायर केबलने कॉम्प्युटरवर आणली तर एक बिटही न बदलता येते. पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या वायरीने आणली तर डिजिटलचं ॲनालॉग करून परत डिजिटल, म्हणजे हातचं घालवून पळत्याच्या पाठी. अडचण अशी की फायरवायर आता कुठल्याच नव्या लॅपटॉपवर नाही, आणि ॲपलने २०२५ च्या मॅकओएस टाहोमधून त्याचा आधारच काढून टाकला. त्यामुळे हे काम जुना कॉम्प्युटर आणि चालू स्थितीतला कॅमेरा असलेल्या दुकानातूनच करून घ्यावं लागेल. दुकानदाराला एकच वाक्य सांगा: ‘फायरवायरने घ्या आणि डीव्हीची एव्हीआय फाइल तशीच हार्ड डिस्कवर द्या, एमपीफोर करू नका.’ तो कुरकुरेल, कारण फाइल मोठी असते. ऐकू नका.

आता या दोन्हींचा एक समान रोग. आपल्याकडे टीव्हीची पाल पद्धत होती: ७२० बाय ५७६ चं चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांची, म्हणजे दोन ‘फील्डां’ची. एकाड एक रेषा आधी, उरलेल्या नंतर. जुन्या टीव्हीवर हे कळायचं नाही. लॅपटॉपवर मात्र कोणी हात हलवला, अक्षता उडाल्या की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. त्या घालवायला डीइंटरलेसिंग लागतं, आणि सॉफ्टवेअरमधला खरा फरक इथे उघडा पडतो. शॉटकटमध्ये क्लिप निवडून प्रॉपर्टीजमध्ये गेलं की स्कॅन मोड, फील्डचा क्रम, चित्राचं प्रमाण हे सगळं हाताने बदलता येतं. हा क्रम महत्त्वाचा आहे. डीव्हीच्या टेपमध्ये खालचं फील्ड आधी असतं, डीव्हीडीत बहुतेक वेळा वरचं. सॉफ्टवेअरने अंदाज चुकवला तर वरात पुढे-मागे थरथरत चालल्यासारखी दिसते. अशी थरथर दिसली की क्रम उलटा करून बघा, नव्वद टक्के वेळा तेवढंच असतं. डीइंटरलेसरमध्ये बीडब्ल्यूडीआयएफ किंवा वायएडीआयएफ निवडा. क्लिपचॅम्पसारख्या साध्या एडिटरमध्ये हे बटणच नाही. ते जे देईल ते घ्यायचं.

चित्राच्या आकाराबद्दल एकच सांगते: जुनं चौकोनी चित्र ताणून रुंद करू नका. आजी जाड दिसते आणि कोणालाच कळत नाही का. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या. आयमूव्हीत चित्र वर-खाली कापून पडदा भरलेला दिसला, डोकी छाटलेली दिसली, तर क्रॉपमध्ये जाऊन ‘फिट’ करा. आत्याच्या उभ्या व्हिडिओला काळे पट्टे फारच मोठे येतात, तिथे मात्र शॉटकटमधला ‘ब्लर: पॅड’ हा फिल्टर लावा, त्याच चित्राची धूसर प्रत मागे पसरते आणि हॉलच्या मोठ्या पडद्यावर बरं दिसतं.

फोनच्या व्हिडिओंची खोड वेगळी. फोन ३० फ्रेम म्हणतो खरा, पण अंधार झाला किंवा तापला की वेग कमी-जास्त करत राहतो. फोनवर बघताना काही जाणवत नाही. एडिटरमध्ये आणल्यावर सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळलेले असतात, दहाव्या मिनिटाला काका आधी बोलतात आणि तोंड नंतर हलवतात. ‘सॉफ्टवेअर बिघडलंय’ म्हणून लोक इथेच एक सोडून दुसरं उतरवून घेतात, आणि तिथेही तेच होतं. शॉटकटचा मला आवडणारा गुण असा की अशी फाइल आत घेतानाच ते सांगतं, हिचा वेग स्थिर नाही, एडिटिंगला सोयीच्या फाइलमध्ये बदलून देऊ का? हो म्हणायचं आणि चहा करायला जायचं. इतर सॉफ्टवेअर वापरणार असाल तर हेच काम आधी हँडब्रेक नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडून करून घ्या.

बहिणीच्या आयफोनच्या क्लिपा तुमच्याकडे धुतल्यासारख्या फिक्या दिसल्या तर घाबरू नका. आयफोन १२ पासून पुढच्या फोनमध्ये एचडीआर, म्हणजे उजेड-सावलीचा जास्त पल्ला टिपणारं चित्रण होतं, आणि साध्या टाइमलाइनवर (एडिटरमध्ये क्लिपा ओळीने मांडतो त्या पट्टीवर) ते असं उतरतं. नवीन चित्रण करताना सेटिंगमध्ये एचडीआर बंद करायला सांगा, आणि फॉरमॅट ‘मोस्ट कम्पॅटिबल’वर ठेवायला सांगा. त्याने फाइल मोठी होते पण तुमचा लॅपटॉप तिला सहज उघडतो.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या क्लिपांचं काहीही करता येत नाही, त्या आधीच चुरगळलेल्या असतात. ज्यांच्याकडे मूळ फाइल अजून फोनमध्ये आहे त्यांना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांगा. तशी २ जीबीपर्यंतची फाइल न दाबता जाते. ‘व्हिडिओ’ म्हणून आली की गेलीच. आणि ती पाठवतानाच विचारा, कधीची, कुठली, कोण कोण दिसतंय. व्हॉट्सॲप तारीख पुसून टाकतं. पुढे तुम्हाला दोन दिवाळ्या एकमेकांपासून वेगळ्या करता येत नाहीत.

एवढं झाल्यावर सॉफ्टवेअरची तुलना सोपी होते.

क्लिपचॅम्प मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये विकत घेतलं आणि विंडोज ११ सोबत देऊ केलं. मोफत खात्यात १०८० (फुल एचडी) पर्यंतची फाइल शिक्क्याशिवाय निघते, ४के हवं तर पैसे. शिकायला अर्धा तास पुरतो. पण प्रोग्रॅम ब्राउझरच्या पोटात चालतो आणि खात्यात शिरून काम करावं लागतं. इंटरनेट गेलं की तुम्ही हात चोळत बसता. फोनच्या क्लिपांचा पाच मिनिटांचा वाढदिवस करायचा असता तर मी तुम्हाला दुसरं काही सुचवलंच नसतं.

फिल्मोराचा मोह का होतो ते मला कळतं. दिसायला देखणं, सगळं तयार, लग्नाच्या टायटलांचे ढीग. फुकट उतरवून घेता येतं, चार रात्री जागून फिल्म होते, आणि एक्सपोर्ट करताना चित्रावर त्यांचा शिक्का येतो. तो घालवायचा तर पैसे भरा. त्या क्षणी कोणीही भरतो. त्यांचा धंदाच तो आहे, लबाडी नाही, पण आधी माहीत असावं. शिवाय ‘आयुष्यभराचा परवाना’ अशा शब्दांवर भाळण्याआधी बारीक अक्षर वाचा: तो बहुतेक कंपन्यांत त्या आवृत्तीपुरता असतो, आणि इफेक्टची वर्गणी वेगळी. अडोबीचं घरगुती सॉफ्टवेअर, प्रीमियर एलिमेंट्स, पूर्वी एकदा घेतलं की कायमचं तुमचं व्हायचं. २०२५ च्या आवृत्तीपासून तोही परवाना तीन वर्षांचा झाला. दरवर्षी पाच-सहा कार्यक्रमांच्या फिल्म करणार असाल तर पैसे द्यायला माझी हरकत नाही. पंचाहत्तरी एकदाच येते.

क्रॅक केलेली प्रीमियर प्रोची पेन ड्राइव्ह देणारा कोणीतरी ओळखीचा प्रत्येक गावात असतो. ज्या कॉम्प्युटरवर घरचे सगळे फोटो आहेत त्यावर ती चालवू नका, एवढंच.

डाविंची रिझॉल्व्हबद्दल जरा जास्त बोलावं लागेल, कारण प्रत्येक पुतण्या तेच सुचवतो. ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने २००९ मध्ये डाविंची विकत घेतली. तोवर ते सिनेमाच्या रंगकामाचं महागडं यंत्र होतं. आज त्याची मोफत आवृत्ती ४के पर्यंत, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत, विनाशिक्का फाइल देते. रंगासाठी त्याच्या तोडीचं या किमतीत, म्हणजे शून्यात, काहीच नाही. माझं रोजचं काम मी त्याच्यावरच करते. मग तुम्हाला का नको म्हणते? एक तर ते ग्राफिक्स कार्डाच्या जिवावर चालतं आणि १६ जीबी रॅम मागतं. तुमच्या ८ जीबीवर ते उघडेल, दोन क्लिपा टाकाल, तिसऱ्या क्लिपेला पंखा बोंबलायला लागेल. दुसरं, डीव्हीडीच्या फाइलींशी त्याचं जमत नाही, आधी सगळं बदलून घ्यावं लागतं. जुन्या कॅसेटमधले चित्रावरचे मुंग्यांसारखे ठिपके कमी करायचे तर ती सोय नेमकी २९५ डॉलरच्या स्टुडिओ आवृत्तीत आहे. आणि एक गोष्ट नवख्याला हमखास गोत्यात आणते: टाइमलाइनवर क्लिप पडली की त्या टाइमलाइनचा फ्रेम रेट बदलता येत नाही. पहिली क्लिप टाकताना ते विचारतं, वेग बदलू का, आपण न वाचता हो म्हणतो, आणि आठवड्याने कळतं की सगळी फिल्म आत्याच्या फोनच्या विचित्र वेगाला बांधली गेलीय. यंत्र चांगलं असेल आणि हा छंद पुढे न्यायचा असेल, तर जरूर शिका. २०१९ मध्ये आलेलं त्याचं ‘कट’ पान घरगुती कामाला सोपं आहे. पण तारीख ठरलेल्या कार्यक्रमासाठी नको.

मॅकवर आयमूव्ही आहे, आणि बहीण म्हणेल मी त्यातच करते. १९९९ पासूनचं ते सॉफ्टवेअर, कॅमकॉर्डरच्या टेपांसाठीच जन्मलेलं. अजूनही नवख्यासाठी त्याच्याइतकं समंजस दुसरं नाही: मागची घरघर कमी करणं, आवाज सारखा करणं एका सरकपट्टीवर. मर्यादा दोन. चित्राचे थर दोनच, मुख्य आणि त्यावर एक. आणि ते ॲपलच्या बाहेर कुठेच उघडत नाही. ती एकटी करणार असती तर मी आयमूव्हीच सांगितलं असतं आणि हे उत्तर इथेच संपलं असतं. पण तिने अर्धं केलेलं तुम्ही इथे उघडू शकणार नाही. तिने कॅपकटमध्ये केलं तरी तेच. ते भारतात अधिकृतपणे मिळत नाही.

राहिले शॉटकट आणि त्याचं सख्खं भावंड केडेनलाइव्ह. दोघांचा पाया एकच, एमएलटी नावाचा. केडेनलाइव्हमध्ये सोयी जास्त आहेत, उपशीर्षकांची व्यवस्था चांगली आहे, आणि तुम्हाला खिडक्यांची गर्दी चालत असेल तर ते घ्या. मी शॉटकट सुचवते, कारण ते यंत्राकडून कमी मागतं. सेटिंगमध्ये प्रॉक्सी चालू करा. मग ते प्रत्येक जड क्लिपेची हलकी प्रत करून ठेवतं, तुम्ही त्या प्रतीवर कापाकापी करता, आणि शेवटची फाइल मात्र मूळ चित्रातून निघते. तरीही रखडलं तर प्रिव्ह्यू स्केलिंग ५४० किंवा ३६० वर आणा. दिसायला ते गबाळं आहे, हे मान्य. पहिल्या दिवशी फिल्टर कुठे, कीफ्रेम कुठे हे शोधण्यात वैताग येतो. तयार टायटलं म्हणाल तर जवळपास नाहीतच. पण मी त्याच्यात व्हीओबी, डीव्ही, एमकेव्ही, जुन्या नोकियाच्या थ्रीजीपी फाइली, काय काय टाकलंय, त्याने तोंड वाकडं केलेलं नाही.

प्रोजेक्टची फाइलही बघा, म्हणजे कुठली क्लिप कुठे, किती कापली याची नोंद असते ती. शॉटकटची प्रोजेक्ट फाइल साधा मजकूर असते, नोटपॅडमध्येही उघडते. याला मी महत्त्व देते. विंडोज मूव्ही मेकर मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये बंद केलं, आणि त्यात केलेल्या फिल्मांचे प्रोजेक्ट घेऊन लोक अजून माझ्याकडे येतात. शंभरीला बाबांच्या फिल्ममध्ये अजून पाच मिनिटं जोडायची असतील तर आजचा प्रोजेक्ट उघडला पाहिजे की नाही?

कामाला सुरुवात करण्याआधी एक फोल्डर करा आणि प्रत्येक क्लिप, फोटो, गाणं त्यातच ठेवा. प्रोजेक्ट फाइलही तिथेच. डेस्कटॉपवरून, पेन ड्राइव्हवरून क्लिपा ओढू नका. हेच फोल्डर जसंच्या तसं बहिणीला गेलं तर तिच्याकडे सगळं सापडतं. दोघांनी एकाच वेळी एका प्रोजेक्टवर काम करू नका, भाग वाटून घ्या.

टाइमलाइन १०८०, २५ फ्रेमची करा. जुनं सगळं २५ चं आहे, आणि तुमच्या फिल्मचा जीव त्यातच आहे. फोनच्या ३० च्या क्लिपा त्यात किंचित झटका देतात; बोलणाऱ्या माणसावर कळत नाही, नाचावर कळतो. बाबांच्या मित्रांच्या नव्या मुलाखती घेणार असाल तर त्या २५ वरच घ्या. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू केलं की हा पर्याय दिसतो, अँड्रॉइडला प्रो मोड असेल तर त्यात. याला आणखी एक कारण आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइटखाली ३० फ्रेमवर घेतलेल्या चित्रात उजेड लपलपतो, आडवे पट्टे सरकतात, आणि ते कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट जात नाहीत. २५ वर घेतलं, शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवलं की लपलप थांबते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे बहिणीने तिकडे ३० वरच घेऊ दे. २५ वर घेतलं तर तिच्याकडे उलटा त्रास होईल.

मुलाखतीत फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर हवा, पंखा बंद हवा. चित्र हललेलं लोक सोसतात, शब्द कळला नाही की खुर्च्या सरकायला लागतात. शॉटकटमध्ये ‘नॉर्मलाइज: टू पास’ हा फिल्टर प्रत्येक बोलणाऱ्याच्या क्लिपेला लावला तर सगळ्यांचे आवाज एका पट्टीत येतात. जुन्या कॅसेटमधली सनई आणि बँड मात्र पूर्ण काढून त्यावर नवं गाणं चढवू नका. थोडा मूळ आवाज खाली राहू द्या. त्या गलक्यात मेलेल्या माणसांचे आवाज असतात, आणि ते ओळखणारे लोक हॉलमध्ये बसलेले असतात.

गाण्याचं म्हणाल तर हॉलवर लावणं वेगळं आणि यूट्यूबवर चढवणं वेगळं. तिथे यंत्र आपोआप गाणं ओळखतं आणि दावा लावतं, ‘अनलिस्टेड’ ठेवलं तरी. नातेवाइकांसाठी यूट्यूबवर ठेवायचं असेल तर सिनेमाच्या गाण्याशिवायची एक प्रत वेगळी काढा.

आता अक्षरं. नवं सॉफ्टवेअर उतरवल्यावर सगळ्यात आधी मी टायटलमध्ये चार शब्द टाइप करून बघते: वऱ्हाड, शिर्डी, त्र्यंबकेश्वर, लक्ष्मी. वऱ्हाडातला ऱ् अर्ध्या चंद्रासारखा आला पाहिजे, रफार होऊन ह वर चढता कामा नये. शिर्डीची वेलांटी श च्या आधी हवी, आणि रफार डीच्या डोक्यावर. हे चार सुटले की बाकीचं मराठी सुटतं. शॉटकट आणि केडेनलाइव्ह युनिकोड देवनागरी नीट बसवतात. प्रीमियर प्रोमध्ये दक्षिण आशियाई अक्षरांसाठीचं टेक्स्ट इंजिन सेटिंगमध्ये जाऊन निवडावं लागतं, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. फोनवरच्या ॲपांत तर ज्याचं त्याचं नशीब. फॉन्ट युनिकोडच घ्या. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं बहिणीच्या मॅकवर चिनी भाषेसारखं दिसेल. ‘एक टाइप’ नावाच्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट मोफत आहेत, त्यातला एक निवडा, दोघांनीही तोच बसवा, कारण विंडोजमधला मंगल मॅकवर नसतो आणि मग त्याच्या जागी भलताच फॉन्ट येऊन ओळी सरकतात. फॉन्ट निवडताना ल आणि श आपल्या वळणाचे आहेत ना तेही बघा. हिंदी वळणाचा ल वाचता येतो, पण बाबांच्या पिढीच्या डोळ्यांना खुपतो.

कुठल्याही सॉफ्टवेअरने हट्ट धरला तर पळवाट आहे. पॉवरपॉइंटमध्ये टायटल लिहा, त्या मजकुराच्या चौकटीवर राइट क्लिक करून चित्र म्हणून पीएनजीमध्ये साठवा. पार्श्वभूमी पारदर्शक येते, आणि ते चित्र व्हिडिओच्या वरच्या ट्रॅकवर ठेवलं की झालं. माझ्या निम्म्या लग्नपत्रिका-छाप टायटलांचा उगम तिथेच आहे.

शेवटची फाइल एचडॉट२६४ ची एमपीफोर काढा, सेकंदाला १२ मेगाबिटच्या आसपास. वीस मिनिटांचे साधारण १.८ जीबी होतात. हॉलवाल्याच्या टीव्हीलाही चालेल आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनही जाईल. एचडॉट२६५ निवडलंत तर फाइल लहान होईल, पण हॉलवरच्या जुन्या लॅपटॉपवर नुसता आवाज येईल आणि पडदा काळा राहील. लांबलचक फिल्म, जास्त मेगाबिट असं करून फाइल ४ जीबीच्या वर गेली तर एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह ती घेतच नाही. ‘जागा आहे तरी कॉपी होत नाही’ असं म्हणत लोक कार्यक्रमाच्या सकाळी फोन करतात. ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण तोच ड्राइव्ह आदल्या दिवशी हॉलच्या यंत्रावर लावून बघा, कारण काही जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत. स्वतःचा लॅपटॉप आणि एचडीएमआय वायर बरोबर ठेवलेली बरी.

आणि सॉफ्टवेअरचे पैसे वाचले तर ते लॅपटॉपमध्ये घाला. आणखी ८ जीबी रॅम बसत असेल तर बसवा, आणि बाहेरची १ टीबीची हार्ड डिस्क घ्या. मिनीडीव्हीच्या चार टेपांनीच तुमचा सी ड्राइव्ह भरणार आहे. मूळ फाइलींची एक प्रत त्या डिस्कवर आणि दुसरी बहिणीकडे ठेवा.